मेलबर्नचे चार गोल

मेस्सी मोठा की रोनाल्डो, या वादात गेल्या पंधरा-वीस वर्षांत जेवढी हवा खर्च झाली, तेवढ्यात जगातले सगळे फुटबॉल भरून निघाले असते. तरी वाद काही मिटत नाही. २०२२ च्या वर्ल्डकपनंतर तो मिटेल असं वाटलं होतं, पण छे! मेस्सीवाले म्हणाले, "आता तरी मान्य करा." रोनाल्डोवाले म्हणाले, "गोल मोजा." झालं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आमचा कंपूही याला अपवाद नाही. कंपू म्हणजे शिरूर आणि दौंडची मिळून सात-आठ पोरं, सगळी पुण्यात कुठल्या ना कुठल्या आयटी कंपनीत. त्यात शिरूरकर रोनाल्डोचे आणि दौंडकर मेस्सीचे अशी सरळ फाळणी आहे. (का ते विचारू नका. दौंडकर जे म्हणतील त्याच्या उलट बोलायचं, हे शिरूरचं जुनं धोरण आहे. दौंडकरांना विचाराल तर ते नेमकं उलट सांगतील.) गंमत म्हणजे दोन्ही गावांत फुटबॉल रुजायला हरकत नव्हती. इंग्रजांनी हा खेळ आपल्या देशात आणला तो मुख्यतः लष्कराच्या छावण्यांतून, रेल्वेतून आणि मिशनच्या शाळांतून. शिरूरला इंग्रजांची छावणी होती आणि दौंड तर रेल्वे जंक्शनच्या जिवावर वाढलेलं गाव. तरीही आमच्या लहानपणी आजूबाजूला दिसायचं ते टेनिस बॉलचं क्रिकेट, कबड्डी आणि जत्रेतल्या कुस्त्या. फुटबॉल आम्हाला भेटला तो टीव्हीवर. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर मूळ प्रश्न असा की एखादा खेळाडू खरोखर थोर आहे, हे ठरवायचं कशावरून? वाद घालणाऱ्यांच्या खिशात दोन-तीन मोजपट्ट्या ठरलेल्या असतात. त्या इतिहासाला लावून बघितल्या की मजा येते.

पहिली मोजपट्टी गोलांची. आम्हा इंजिनिअर लोकांची ही आवडती, कारण आकडा आला की वाद संपला असं आम्हाला वाटतं. आता हे बघा. १९५८ च्या स्वीडनमधल्या वर्ल्डकपमध्ये फ्रान्सच्या जुस्त फोंतेनने एकट्याने १३ गोल केले. एकाच वर्ल्डकपमध्ये १३! त्यानंतर २०२२ पर्यंत १६ वर्ल्डकप झाले, पण हा विक्रम कुणालाच मोडता आला नाही. आता मनावर हात ठेवून सांगा, 'सर्वकालीन थोर' म्हणून तुम्ही कधी फोंतेनचं नाव घेतलंय? त्याच स्पर्धेत सतरा वर्षांच्या पेलेने ६ गोल केले, म्हणजे फोंतेनच्या निम्म्यापेक्षाही कमी. पण नाव पेलेचंच राहिलं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर सुनील छेत्री. जून २०२४ मध्ये कोलकात्यात त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती घेतली तेव्हा देशासाठी त्याचे ९४ गोल झाले होते. पेलेचे ब्राझीलसाठी ७७. म्हणून छेत्री पेलेपेक्षा थोर, असं खुद्द छेत्रीही म्हणणार नाही. समोर कोण होतं, हा प्रश्न आकड्याच्या पोटात लपलेला असतो, आणि आकडा तो सांगत नाही.

दुसरी मोजपट्टी चषकांची. "वर्ल्डकप जिंकला नाही तो कसला थोर?" हे वाक्य २०२२ पर्यंत मेस्सीला ऐकवलं जायचं. या हिशोबाने हंगेरीचा पुश्काश बाद, कारण १९५४ ची फायनल तो हरला. हॉलंडचा क्रायफ बाद, कारण १९७४ ची फायनल तोही हरला. आणि खुद्द मेस्सीचं काय? १८ डिसेंबर २०२२ ची ती फायनल आठवा. ३-३ अशी बरोबरी, जादा वेळही संपत आलेला, १२३ वं मिनिट, आणि फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा गोलरक्षकासमोर. त्याचा फटका एमिलियानो मार्तिनेझने डावा पाय लांब करून अडवला, आणि मग पेनल्टी शूट-आऊटमध्ये अर्जेंटिना ४-२ ने जिंकली. तो पाय दोन इंच इकडे-तिकडे असता तर? मेस्सीने त्याआधीच्या दोन तासांत जे काही केलं होतं, त्यात एका स्वल्पविरामाचाही फरक पडला नसता. पण चषकवाल्यांच्या लेखी तो थोर झाला नसता! एकाचा मोठेपणा दुसऱ्याच्या पायावर ठरत असेल, तर मोजपट्टीतच काहीतरी गडबड आहे.

आणि गोलरक्षकांचा विषय निघालाच आहे तर विचारतो. आपल्या वादात गोलरक्षक कुठे असतात? युरोपात १९५६ पासून 'बॅलन डी'ओर' पुरस्कार दिला जातोय. तो आजवर एकाच गोलरक्षकाला मिळाला, रशियाच्या लेव्ह याशिनला, १९६३ साली. आपल्या शेजारच्या गोव्यात ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर होऊन गेले. साळगावकर क्लबचे गोलरक्षक आणि १९८० च्या दशकात भारताचे कर्णधार. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ साली आणि पद्मश्री २०२२ साली. म्हणजे खेळणं थांबवल्यावर पार नातवंडांच्या वयाची पिढी मैदानात आल्यावर. अडवलेला गोल धावफलकावर दिसत नाही ना!

तिसरी मोजपट्टी क्षणांची. मोजायचं काही नाही, फक्त डोळे मिटायचे आणि काय दिसतं ते बघायचं. २२ जून १९८६, मेक्सिको सिटी, मॅराडोना. चार मिनिटांत दोन गोल, एक हाताने केलेला आणि दुसरा अर्ध्याअधिक इंग्लंडला चकवून. दूरदर्शनने तो वर्ल्डकप आपल्याकडे दाखवला आणि देशातली एक अख्खी पिढी अर्जेंटिनाची झाली. मला ही मोजपट्टी पहिल्या दोन्हींपेक्षा आवडते. पण तिच्यात एक मोठी खोट आहे. जे दिसलं तेवढंच ती मोजते. मग ज्याचा रिप्लेच आपल्यापर्यंत आला नाही, त्याचं काय करायचं?

आता मूळ गोष्टीकडे येतो. नेव्हिल डिसूझा हे नाव तुम्ही ऐकलंय का? आमच्या कंपूत मी विचारलं तेव्हा दोघांनी विकेटकीपर का म्हणून विचारलं आणि एकाने थेट फोन काढला.

नेव्हिल मूळचा गोव्याचा, पण खेळला मुंबईत. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि नोकरीसाठी मुंबईला येणारे गोवेकर येताना फुटबॉल बरोबर घेऊन येत. धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावागावाच्या खोल्या असत, त्यांना 'कूड' म्हणत. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप ही मोठी स्पर्धा भरायची. सुरुवातीला गोऱ्या पलटणीच जिंकायच्या, पुढे आपले संघ जिंकू लागले. कूपरेजचं मैदान गर्दीने फुलायचं. या मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून नेव्हिल खेळायचा. सेंटर फॉरवर्ड.

त्याची गोष्ट कळायला आधी दोन ऑलिंपिकं मागे जावं लागतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला संघ फ्रान्सविरुद्ध २-१ असा हरला. बहुतेक खेळाडू अनवाणी होते, आणि दोन पेनल्टी वाया गेल्या. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. बोचऱ्या थंडीत, पुन्हा बहुतेक जण अनवाणी. (याच हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचं ब्राँझ आणलं. पण त्यांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, २००० साली. असो.) या पराभवानंतर फुटबॉल संघाला बूट सक्तीचे झाले आणि हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम या शिक्षकी पेशातल्या प्रशिक्षकाने संघ नव्याने बांधला.

मग आलं १९५६ चं मेलबर्न. पहिला सामना हंगेरीशी होता, पण हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते. आपल्याला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. त्या चारातले तीन गोल नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत सेमी फायनलमध्ये गेला, आणि तिथवर पोचणारा तो पहिला आशियाई संघ ठरला.

सेमी फायनलमध्ये समोर पुन्हा युगोस्लाव्हिया! मध्यंतरापर्यंत ०-० आणि मध्यंतरानंतर सातव्या मिनिटाला गोल केला तो आपण. नेव्हिलनेच. ज्या देशाने चार वर्षांपूर्वी १० गोल चढवले होते, त्याच्याविरुद्ध भारत १-० ने पुढे! पुढे आपण ४-१ ने हरलो, ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियाकडून ३-० ने हरलो आणि चौथे आलो. पण स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत युगोस्लाव्हियाच्या वेसेलिनोविच आणि बल्गेरियाच्या मिलानोवच्या बरोबरीने मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचं नाव होतं. प्रत्येकी चार गोल. आणि हे त्या स्पर्धेत, जिथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या सोव्हिएत संघाचा गोलरक्षक याशिन होता.

आता तुमच्यातला रोनाल्डोवाला म्हणेल, "अहो, तेव्हाचा ऑस्ट्रेलिया कितीसा मोठा होता? हंगेरी आलीच नाही. युगोस्लाव्हियाचा संघही १९५२ चा राहिला नव्हता. चार गोलांवर कुणी थोर होतं का?" बरोबर आहे. सँपल साइज लहान आहे, हे मलाही दिसतं. नेव्हिल पेलेच्या तोडीचा होता असं मी म्हणतच नाहीये. मी म्हणतोय की तो होता की नव्हता, यावर आपण वादसुद्धा घालू शकत नाही. वाद घालायलाही काहीतरी बघितलेलं लागतं.

ते का बघायला मिळालं नाही, याचं कारणही इंटरेस्टिंग आहे. त्या ऑलिंपिकच्या चित्रीकरणाच्या हक्कांवरून आयोजकांचा आणि परदेशी टीव्ही व न्यूजरील कंपन्यांचा पैशांचा वाद झाला, आणि ऑस्ट्रेलियाबाहेर फार थोडी दृश्यं पोचली. आपल्याकडे तर टीव्हीच नव्हता. दिल्लीत तो १९५९ मध्ये आला आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे नेव्हिलने बूट काढून ठेवल्यानंतर कितीतरी वर्षांनी.

नेव्हिल विसरला गेला त्याला माझ्या मते आणखी दोन कारणं आहेत. एक म्हणजे मुंबई. तो कोलकात्यात खेळला असता तर तिथल्या गल्लीगल्लीत त्याच्या गोष्टी सांगितल्या गेल्या असत्या. मुंबई मात्र तेव्हाच क्रिकेटची झाली होती. १९५८ मध्ये तो कॅल्टेक्सकडून रोव्हर्स कप जिंकला, पण पुढे ती रोव्हर्स कप स्पर्धाच या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली. ज्या स्पर्धेच्या आठवणीत तो राहिला असता, ती स्पर्धाच राहिली नाही.

दुसरं कारण आयुष्याचं. मेलबर्नच्या संघातले त्याचे साथीदार पी. के. बॅनर्जी २०२० पर्यंत होते आणि तुलसीदास बलराम २०२३ पर्यंत. त्यांनी मुलाखती दिल्या, नव्या पोरांना गोष्टी सांगितल्या. अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी तो पीकेंना मिळाला आणि दुसऱ्या वर्षी बलरामला. दोघेही त्या मानाचेच होते, त्यात वाद नाही. नेव्हिलचं नाव मात्र त्या यादीत कधीच आलं नाही. तो १९८० मध्ये गेला, पन्नाशीही न गाठता. टीव्हीवाले माइक घेऊन दारात येण्याचे दिवस त्याने पाहिलेच नाहीत. थोर ठरायला नुसतं थोर खेळून भागत नाही, नंतर बरीच वर्षं कुणीतरी ते सांगत राहावं लागतं, हे यातलं कटू सत्य.

माझे एक मामा रेल्वेत होते. दौंडला घर, पण ऐंशीच्या दशकात काही वर्षं नोकरी मुंबईत. संध्याकाळी सुटले की ते कूपरेजला रोव्हर्स कपचे सामने बघायला जात. त्यांच्यासोबत निवृत्तीला आलेले एक गोवेकर सहकारी असायचे. मैदानावर कुणी झकास गोल केला, लोक उभे राहिले, की हे गृहस्थ बसूनच म्हणायचे, "चांगला आहे. पण तू नेव्हिलला बघितलं नाहीस." मग हातवारे करून नेव्हिल काय करायचा ते दाखवायचे. मी मामांना विचारलं, "काय दाखवायचे?" मामा बराच वेळ आठवत राहिले. म्हणाले, "ते आता नाही रे आठवत. पण ते दाखवताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते आठवतंय."

हे ऐकल्यापासून आमच्या वादांकडे बघण्याची माझी नजर बदलली. आमच्या कामात एक साधी गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंद नाही, म्हणजे ती घटना घडलीच नाही असं नसतं. कदाचित लॉगिंगच बंद असेल. फुटबॉलच्या वादात आपण नेमकं हेच विसरतो. ज्याची नोंद आहे तो थोर, ज्याची नाही तो नव्हताच. मेस्सी आणि रोनाल्डो दोघेही अफाट आहेत, पण त्यांची प्रत्येक किक दहा कॅमेऱ्यांनी टिपलेली आहे. त्यांच्यातला वाद हा भरपूर लॉग असलेल्या दोन सर्व्हरमधला वाद आहे. चालू द्या. पण त्यातून 'सर्वकालीन' थोर कोण ते ठरतं, हे मात्र मला पटत नाही.

मग माझी मोजपट्टी कोणती? ती मला फुटबॉलमध्ये सापडली नाही, जत्रेच्या आखाड्यात सापडली. शिरूर-दौंडकडच्या ज्या कुणी जत्रेतल्या कुस्त्या पाहिल्या असतील त्यांना हे लगेच कळेल. तिथे गोल बसलेली माणसं कुणाच्या विक्रमांची यादी घेऊन आलेली नसतात. हलक्या अंगाचा पोरगा आपल्यापेक्षा दहा किलो जड पैलवानाखालून निसटतो, तेव्हा पंचांच्या आधी लोकांची टाळी पडते. तो पुढे हरला तरी एखादा म्हातारा उठून त्याच्या हातात नोट ठेवतो. त्या म्हाताऱ्याने दोनच गोष्टी बघितलेल्या असतात: समोर काय होतं, आणि त्यातून याने वाट कशी काढली. निकाल काय लागला ते त्याच्या दृष्टीने नंतरचं.

ही मोजपट्टी मी सगळ्यांना लावून बघितली. तिच्यात पुश्काश बसतो, क्रायफ बसतो, मॅराडोना तर बसतोच. मार्तिनेझच्या पायाची वाट न बघता मेस्सी बसतो. गोल न करणारे ब्रह्मानंद शंखवाळकर बसतात. आणि १०-१ ची आठवण ताजी असताना त्याच युगोस्लाव्हियाच्या जाळ्यात पहिला चेंडू घालणारा नेव्हिल डिसूझाही बसतो. मात्र या मोजपट्टीची एक अट आहे. आखाड्याच्या कडेला ते बघणारं माणूस हवं, आणि बघितलेलं त्याने पुढे सांगायला हवं.

आपल्या महाराष्ट्रात ही अट एक शहर आजही पाळतं. कोल्हापूर. तिथे पेठेपेठेचे, तालमीतालमीचे फुटबॉल संघ आहेत: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्ख्या पेठा लोटतात, आणि कुणाच्या आजोबांनी कोणत्या साली कुणाला कसा गोल मारला हे नातू तिखटमीठ लावून सांगतो. त्यातल्या बहुतेक खेळाडूंचं नाव कोल्हापूरबाहेर कुणाला माहीत नाही. पण याच शहरातल्या एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये देशाकडून खेळला. तो आभाळातून पडला नाही. ज्या गावात बघणारे आणि सांगणारे असतात, तिथे पोरांना खेळावंसं वाटतं.

आमच्या कंपूला सध्या मी एक काम लावलंय. मेस्सी-रोनाल्डो चालू राहू द्या, पण या वीकांताला घरी गेलात की घरातल्या, आळीतल्या म्हाताऱ्या माणसांना एक प्रश्न विचारायचा. "तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला सगळ्यात भारी खेळाडू कोण?" खेळ कुठलाही चालेल, कुस्ती, कबड्डी, काहीही. नाव, गाव, अंदाजे साल, आणि त्याने नेमकं काय केलं, एवढं लिहून घ्यायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तेच आधी विसरलं जातं. मामांकडून मला उशिरा कळलेली गोष्ट ही.

पहिल्या खेपेला शिरूरकरांनी पाच नावं आणली आणि दौंडकरांनी सहा. त्यात एकही नाव मी आधी ऐकलेलं नव्हतं. आता त्यांतला थोर कोण, यावर वाद सुरू झालाय.